रायगडच्या किनाऱ्यावर बायॉस बदलताना

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज दिसू लागेपर्यंत जे काम चालते, ते बायॉसचे. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये हा प्रोग्राम लिहून ठेवलेला असतो. वीज मिळताच प्रोसेसर पहिली सूचना याच चिपमधून उचलतो. मग रॅम तपासली जाते, कीबोर्ड, डिस्क आणि पडदा ओळखला जातो आणि शेवटी डिस्कवरच्या विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती कारभार जातो. विंडोज बिघडली तर सीडी घालून पुन्हा टाकता येते. बायॉस बिघडला तर सीडी वाचायला सांगणारेच कोणी उरत नाही. म्हणून बायॉस बदलणे हे दोन मिनिटांचे काम असूनही कायम धास्तीचे मानले गेले. त्या दोन मिनिटांत वीज जाऊन चालत नाही; आणि उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात बेभरवशाची गोष्ट कोणती, तर वीज. या किनाऱ्यावर घरचा जुना संगणक अद्ययावत करण्याची जी रीत बसली, ती समजून घ्यायला चिपचा इतिहास जितका लागतो तितकाच विजेच्या तारांचाही लागतो.

बायॉस ही कल्पना अमेरिकेतील गॅरी किल्डॉल यांची. १९७०च्या दशकात त्यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तेव्हा यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून त्याला ‘बेसिक इनपुट-आउटपुट सिस्टिम’ म्हटले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला आणि त्यात हा भाग ८ किलोबाइटच्या एका चिपमध्ये बसवला. ही चिप वाचण्यापुरतीच होती. तिच्यात दुरुस्ती करायची तर चिपच बदलावी लागे, आणि ती वेळ लवकरच आली. पहिल्या पीसींचा बायॉस हार्ड डिस्कचे कार्ड ओळखत नव्हता. २७ ऑक्टोबर १९८२ अशी तारीख कोरलेला नवा बायॉस आयबीएमने काढला, आणि ज्यांना जुन्या यंत्रात हार्ड डिस्क हवी होती त्यांनी जुनी चिप उपटून नवी बसवली. पीसीच्या इतिहासातले बायॉसचे पहिले मोठे अद्ययावतीकरण स्क्रू-ड्रायव्हरने झाले. विजेचा त्यात काही धोका नव्हता. उलट वीज पूर्ण बंद करूनच ते काम करायचे होते.

कॉम्पॅक कंपनीने आयबीएमची नक्कल न करता तसेच वागणारा बायॉस स्वतंत्रपणे लिहिला. १९८४पासून फिनिक्स कंपनी असा बायॉस कोणालाही विकू लागली. १९८५ साली सुब्रमोनियन शंकर या भारतीय वंशाच्या अभियंत्याने अमेरिकेत अमेरिकन मेगाट्रेंड्स, म्हणजे एएमआय, ही कंपनी काढली. पुढे अवॉर्ड, एएमआय आणि फिनिक्स ही तीन नावे बटण दाबल्यावर येणाऱ्या पहिल्या काळ्या पडद्यावर जगभर दिसू लागली. तैवानी मदरबोर्ड, त्यावर यांपैकी एकाचा बायॉस, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवलेला ‘असेम्बल्ड’ पीसी: महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत संगणक बहुधा या वाटेने आला. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली नसती तर ही वाट इतक्या लवकर रुळली नसती.

त्या काळातल्या बायॉसच्या चिपा ईप्रॉम जातीच्या असत. माथ्यावर काचेची छोटी खिडकी, आणि उजेड आत जाऊ नये म्हणून तिच्यावर कंपनीचे नाव छापलेला कागद चिकटवलेला. अतिनील किरणांच्या दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरली की चिप कोरी होई आणि वेगळ्या यंत्रात घालून तिच्यावर पुन्हा लिहिता येई. ही सोय घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला बायॉस बदलायचा तो चिप घेऊन मुंबईला जाई. अलिबागकराने मांडव्याला जाऊन गेटवेची लाँच धरायची आणि पुढे ग्रँट रोडच्या बाजूला लॅमिंग्टन रोड गाठायचा. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणजे एसटीने पेण-पनवेलमार्गे. चिपेचे पाय वाकू नयेत म्हणून ती थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून, काळजी घेणारा असेल तर वर चांदीचा कागद गुंडाळून नेली जाई.

हे सगळे बदलले ते फ्लॅश मेमरीने. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती मांडली, इंटेलने १९८८मध्ये ती बाजारात आणली, आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात मदरबोर्डवर बायॉससाठी फ्लॅश चिपा बसू लागल्या. आता चिप काढायची गरज राहिली नाही. चालू संगणकच आपल्या बायॉसची चिप पुसून तिच्यावर नवा मजकूर लिहू शकतो. सोय मोठी होती, आणि धोका नेमका त्या सोयीतच होता. फ्लॅश चिपेत एखादे अक्षर खोडून दुसरे लिहिता येत नाही. आधी आख्खा खंड पुसावा लागतो, मग तो नव्याने भरावा लागतो. पुसून झाले आणि लिहून व्हायचे आहे, अशा क्षणी वीज गेली तर चिपेत अर्धवट मजकूर राहतो. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच. दुरुस्ती करणाऱ्यांच्या भाषेत, ‘बोर्ड डेड झाला’.

हा धोका जगात सगळीकडे सारखाच होता, पण रायगडच्या किनाऱ्यावर तो जास्त खरा होता. त्याची कारणे बायॉसपेक्षा खूप जुनी आहेत.

मुंबईला जलविद्युत पुरवणारी पहिली तीन केंद्रे याच जिल्ह्यातली. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले, त्यापाठोपाठ १९२२मध्ये भिवपुरी आणि १९२७मध्ये भिरा. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी कोकणाच्या बाजूला उतरवून ही वीज तयार होते. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण झाले आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह लढला गेला. तयार झालेली वीज मोठ्या मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला गेली. ज्या जिल्ह्यातून या तारा गेल्या, त्यातल्या खाडीकाठच्या गावांनी मात्र कंदील आणखी कित्येक वर्षे वापरला. १९८०च्या दशकात उरणला वायूवर चालणारे मोठे वीजकेंद्र उभे राहिले, तरी गावातल्या रोहित्रापर्यंत येणारी तार समुद्राकडच्या वाऱ्यात, नारळी-पोफळीच्या झावळ्यांमधून, उघड्यावरूनच येत होती. वीज बनते कुठे यापेक्षा शेवटच्या मैलावर ती कशी येते यावर घरातल्या यंत्राचे भवितव्य ठरते, हे या जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

अलिबागच्या बाबतीत तर वीज नसणे हीच एकेकाळी गुणाची गोष्ट ठरली होती. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने सुया विचलित होतील हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांसाठी अलिबाग निवडले. लोखंडाचा खिळाही न वापरता, चुंबकीय नसलेल्या साहित्यातून इमारत बांधली आणि १९०४मध्ये तिथे नोंदी सुरू केल्या. या स्थलांतरातला एक निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. अलिबागची यंत्रे सुरू झाली म्हणून कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०६पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, आकडे ताडून पाहिले आणि मगच जुने काम थांबवले. १९०७च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर अलिबागची मालिका पक्की झाली होती. जगातल्या सलग चुंबकीय नोंदींच्या दीर्घ मालिकांत कुलाबा-अलिबागची गणना होते, ती या दोन वर्षांच्या दक्षतेमुळे. नव्याची खात्री पटेपर्यंत जुने हातचे सोडायचे नाही, हे तत्त्व बायॉसच्या चिपेपर्यंत पोचायला आणखी नव्वद-एक वर्षे लागली.

बायॉस नावाची काही वस्तू आपल्या संगणकात आहे, हे सर्वसामान्य घरांना कळले ते १९९९ साली, आणि तेही दोन भीतींमुळे. पहिली भीती वायटूकेची. जुने बायॉस वर्षाचे शेवटचे दोनच आकडे सांभाळत, त्यामुळे ३१ डिसेंबर १९९९नंतर घड्याळ १९०० किंवा १९८० दाखवील अशी शक्यता होती. घरच्या संगणकात त्याने फारसे काही अडले नसते. तारीख एकदा हाताने घातली की बहुतेक बोर्ड सरळ चालत. पण बायॉसच्या नव्या आवृत्त्या मागण्याची लाट आली ती तेव्हाच. दुसरी भीती अधिक खरी होती. तैवानमधला विद्यार्थी चेन इंग-हाउ याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस १९९८पासून फिरत होता. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८च्या यंत्रांत त्याने डिस्कच्या सुरुवातीचा भाग शून्यांनी भरला आणि काही चिपसेटच्या बोर्डांवर बायॉसची फ्लॅश चिपही बिघडवली. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख असल्याने त्याला ते नाव पडले. आशियात, भारतासह, त्याने मोठे नुकसान केले. ज्यांच्या बोर्डवर लिहिण्याला बंदी घालणारा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, होता आणि तो बंदीच्या जागी होता, त्यांची चिप वाचली. त्यानंतर जाणकार माणूस बायॉस बदलण्यापुरताच तो जंपर उघडू लागला आणि काम झाले की परत जागेवर बसवू लागला. ही सवय चांगली होती. पुढे कंपन्यांनी जंपर काढून त्याची जागा बायॉसच्या सेटअपमधल्या, म्हणजे मांडणीच्या पानांवरच्या, एका ओळीला दिली, तेव्हा ही सवय मागे पडली.

रायगडच्या गावांत घरोघरी संगणक येण्याचा काळ यानंतरचा. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. नोकरीसाठी तो लागू लागला तशी तालुक्याच्या गावी केंद्रे निघाली, आणि केंद्रात शिकलेल्या मुलांसाठी घरी संगणक घेण्याचा विचार सुरू झाला. नवा पीसी तेव्हाही महाग होता. मुंबईत नोकरी करणारा भाऊ किंवा मामा कचेरीतून निकाली निघालेला संगणक गावी पाठवी. तो तीन-चार वर्षांचा जुना असे. घरी आल्यावर त्यात मोठी डिस्क टाकायची ठरे, आणि तिथे बायॉस आडवा येई.

बायॉसला डिस्क किती मोठी दिसू शकते याच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने आल्या. सर्वांत जुन्यांना ५०४ मेगाबाइटच्या पुढे दिसत नसे, मग ८.४ गिगाबाइटची भिंत, त्यानंतर १३७ गिगाबाइटची. मधे ३३.८ गिगाबाइटची एक आडवळणी मर्यादा अवॉर्डच्या १९९८-९९च्या सुमाराच्या बायॉसमध्ये होती, आणि जुन्या पीसीच्या मालकांना तिनेच सर्वाधिक छळले. ४० गिगाबाइटची नवी डिस्क जोडली की संगणक डिस्क ओळखण्याच्या ओळीवर येऊन थिजून जाई. डिस्क सदोष समजून ती दुकानात परत नेली जाई, तिथे मात्र ती व्यवस्थित चाले. यावर दोन उपाय होते. डिस्कच्या मागचा जंपर हलवून ती ३२ गिगाबाइटची असल्याचे भासवायचे आणि उरलेल्या जागेवर पाणी सोडायचे, किंवा बायॉस बदलायचा. जुन्या संगणकाचा बायॉस बदलायला इतके सबळ कारण असेल तरच हात घालावा, हा नियम तेव्हाही होता आणि आजही तो बरोबर आहे. यंत्र सुरळीत चालत असेल आणि नव्या आवृत्तीत आपल्या उपयोगाचे काही नसेल, तर फक्त आकडा वाढवण्यासाठी चिप पुसण्यात शहाणपण नाही.

काम सुरू होई ते बोर्ड ओळखण्यापासून. असेम्बल्ड पीसीच्या खोक्यावर बोर्डचे नाव नसते, आणि जुना संगणक असेल तर पुस्तिका हरवलेली असते. झाकण उघडून प्रोसेसर आणि स्लॉट यांच्या मधल्या जागेत छापलेले नाव शोधायचे. त्याच्या शेवटी ‘रिव्हिजन’चा आकडा असतो, तोही लिहून घ्यायचा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे बायॉस असू शकतात. यंत्र सुरू होताना पहिल्या पडद्याच्या तळाशी एक लांबलचक अक्षरमाला येते. पॉझची कळ दाबून ती थांबवता येते. बोर्ड कोणी बनवला ते तिच्यावरून ठरवता येई. चुकीच्या बोर्डचा बायॉस टाकणे आणि मध्येच वीज जाणे, या दोनच गोष्टींनी बहुतेक बोर्ड मेले. पहिली टाळणे पूर्णपणे माणसाच्या हातात होते.

मग फाइल, ती इंटरनेटवरून उतरवायची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट खुले केले. किनाऱ्यावरच्या तालुक्यांत ते टेलिफोनच्या तारेने पोचले. बायॉसची फाइल तशी लहान, १२८ किंवा २५६ किलोबाइटची. डायलअपवरही ती मिनिट-दोन मिनिटांत उतरे. खरी अडचण फ्लॉपीची होती. कोकणच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. सरकती पट्टी मागे ओढून पाहिले तर पांढुरके ठिपके दिसतात. अशा फ्लॉपीवरून बायॉसची फाइल वाचायला जाणे म्हणजे संकटाला बोलावणे. काळजी घेणारा माणूस नवी फ्लॉपी आणे, ती पूर्ण फॉरमॅट करी, खराब जागा एकही दाखवली तर ती बाजूला टाकी आणि दुसरी घेई. तिच्यावर डॉस बूट होण्यापुरत्या फाइली, फ्लॅश करणारा प्रोग्राम आणि बायॉसची फाइल, एवढेच. मेमरी मॅनेजर वगैरे काही नाही. मग ती फ्लॉपी त्याच संगणकात घालून, फाइल परत वाचून, मूळ फाइलशी ताडून पाहिली जाई.

सेटअपमधल्या सगळ्या पानांवरची मांडणी वहीत उतरवून घेणे हे त्यापुढचे काम. बायॉस बदलल्यावर या नोंदी मूळ स्थितीला जातात. डिस्कची जोडणी कोणत्या पद्धतीने होती हे बदलले तर विंडोज निळ्या पडद्यावर अडते, आणि माणसाला वाटते की नवा बायॉसच बिघडला. बोर्डवरचे सीआर २०३२ हे नाण्याएवढे सेल याच वेळी बदललेले बरे. सतत मागे पडणारे घड्याळ ही ते संपत आल्याची खूण आहे.

आता विजेचा प्रश्न. २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले, आणि त्याच सुमारास राज्यात भारनियमनाचा सर्वांत कडक काळ सुरू झाला. ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज नसे. पण भारनियमनाला वेळापत्रक होते, वर्तमानपत्रात ते छापून येई, आणि बायॉसचे काम त्या वेळापत्रकाला धरून करता येई. लाइट आल्या आल्या मात्र नव्हे; सगळ्यांचे पंप आणि फ्रिज एकदम सुरू होतात आणि दाब हेलकावे खातो. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. खरा धोका वेळापत्रकाबाहेरच्या विजेचा होता. मेअखेरच्या वळिवात आणि ऑक्टोबरातल्या विजांच्या कडकडाटात तार केव्हा तुटेल याला नेम नसतो, आणि जूनपासूनच्या पावसात फांदी पडणे रोजचेच. हिवाळ्यातली सकाळ, वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र, ही या किनाऱ्यावर बायॉस बदलण्याची योग्य वेळ. घाई नसेल तर हे काम पावसाळाभर पुढे ढकलणेच योग्य.

यूपीएस असला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटे. घरगुती यूपीएसमध्ये बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दमते. वर हिरवा दिवा लागलेला असतो, पण वीज गेली की यूपीएस एकदाच किंचाळतो आणि संगणक बंद पडतो. म्हणून भरवशाची परीक्षा एकच: आदल्या दिवशी संगणक नेहमीसारखा चालू ठेवून भिंतीवरचे बटण बंद करायचे आणि घड्याळ लावून दहा मिनिटे पाहायचे. तेवढा वेळ तग धरली तर बॅटरी चांगली. जुना काचेचा मॉनिटर संगणकाइतकीच वीज खातो, हेही ध्यानात ठेवायला हवे. प्रिंटर आणि स्पीकर त्या वेळी काढून ठेवायचे.

अवॉर्डचा फ्लॅश प्रोग्राम सुरू केला की तो आधी फाइलचे नाव विचारी, मग जुना बायॉस जपून ठेवायचा का ते विचारी. इथे ‘हो’ म्हणणे अत्यावश्यक. जुना बायॉस फ्लॉपीवर उतरला की शेवटचा प्रश्न येई, आणि त्यानंतर पडद्यावर छोटे चौकोन एकामागून एक भरत जात. प्रत्येक चौकोनाच्या रंगावरून ती जागा लिहिली गेली, बदलायची गरज पडली नाही, की लिहिताना चूक झाली, हे कळे. चूक दाखवणारा एक जरी चौकोन दिसला तरी संगणक बंद करायचा नाही, हे इथले सर्वांत मोलाचे ज्ञान. त्या क्षणी फ्लॅश प्रोग्राम रॅममधून चालत असतो, त्यामुळे चिप अर्धवट असली तरी यंत्र जिवंत असते. प्रोग्राम पुन्हा चालवून तीच फाइल, नाही जमले तर जपून ठेवलेली जुनी फाइल, परत लिहिता येते. घाबरून रीसेटचे बटण दाबणाऱ्यांचे बोर्ड गेले. तिथेच बसून दुसऱ्यांदा प्रयत्न करणाऱ्यांचे पुष्कळदा वाचले.

तरीही वीज गेली तर? चिपेचा एक छोटा भाग, बूट ब्लॉक, सहसा पुसला जात नाही. बाकी सगळे खराब असले तरी तो फ्लॉपी ड्राइव्ह फिरवू शकतो. अवॉर्डचा बूट ब्लॉक जुन्या आयएसए जातीचे पडद्याचे कार्डच ओळखत असल्याने नव्या कार्डावर काहीच दिसत नसे. पण पडदा काळा असला तरी फ्लॉपीचा दिवा लागे, आणि फ्लॅश करण्याची आज्ञा आपोआप सुटेल अशी फ्लॉपी आधी करून ठेवलेली असली तर आंधळेपणानेच बायॉस परत बसे. एएमआयमध्ये ठरावीक नावाची फाइल फ्लॉपीवर ठेवून कंट्रोल आणि होम या कळा धरायच्या. हेही साधले नाही तर दुरुस्तीवाले धाडसाची युक्ती करत: तसाच दुसरा चांगला बोर्ड सुरू करायचा, तो चालू असतानाच त्याची चिप अलगद काढायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि तिच्यावर लिहायचे. ज्याचा हात स्थिर त्यानेच हे करावे; एक पाय चुकला तर दोन्ही बोर्ड जातात. ज्याला हे नको तो पुन्हा लॅमिंग्टन रोडला जाई, जिथे प्रोग्रामर यंत्रावर काही मिनिटांत चिप भरून मिळे.

तैवानच्या गिगाबाइट कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस बोर्डवर बायॉसच्या दोन चिपा बसवायला सुरुवात केली. एक बिघडली तर दुसरी यंत्र उभे करते आणि पहिलीला सावरते. अलिबागला सुया स्थिर होईपर्यंत कुलाबा चालू ठेवण्यामागचा विचार हाच होता. जिथे वीज खात्रीची नाही तिथे दोन चिपांचा बोर्ड थोड्या जास्त पैशांत घेणे ही चैन नव्हती. पण विकत घेताना ग्राहक प्रोसेसरचा वेग आणि डिस्कचा आकार एवढेच विचारत.

किनाऱ्याची हवा हा वेगळाच शत्रू. खारट दमटपणाने रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी संपर्क काळवंडतात आणि संगणक बीप देऊन थांबतो. खोडरबराने ते संपर्क पुसून पट्टी परत बसवणे हा इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय, आणि तो बहुधा लागू पडतो. सॉकेटमधल्या बायॉस चिपेच्या पायांनाही तीच बाधा होते, म्हणून फ्लॅश करण्याआधी चिप हलक्या हाताने दाबून नीट बसली आहे का ते पाहिले जाई. २०००नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर सदोष कॅपॅसिटर जगभर आले होते. त्यांची टोपी फुगते, कधी तपकिरी द्राव बाहेर येतो. अशा बोर्डला स्थिर वीज मिळत नाही. आधी कॅपॅसिटर बदलायचे, मग बायॉसचा विचार करायचा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ संगणक चालू ठेवून त्याला ऊब देण्याची प्रथा किनाऱ्यावर आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे: आतली उष्णता ओल साचू देत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत विजेचे खांब हजारोंनी कोसळले आणि अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. टाळेबंदीचे ते दिवस. शाळा पडद्यावर भरत होती आणि अडगळीत टाकलेले संगणक पुन्हा काढले जात होते. छपरे उडालेल्या घरांत पाणी शिरून कित्येक यंत्रे गेली. ज्यांची वाचली, त्यांची वीज आल्यावरची पहिली गरज सुकवणे ही होती, अद्ययावत करणे नव्हे. अलिबागमध्ये चक्रीवादळाचा धोका कमी करण्यासाठी वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे काम हाती घेतले गेले. तारा झावळ्यांमधून सुटल्या की घरातल्या यंत्रांवरचे एक जुने संकट टळते.

दरम्यान बायॉसचे रूपही बदलले. २०११-१२पासून नव्या बोर्डांवर यूईएफआय आले. त्यात फ्लॉपी नाही, डॉस नाही. एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल ठेवायची आणि सेटअपमधूनच ती लिहायची. काही बोर्डांवर मागे एक बटण असते, जे दाबल्यावर प्रोसेसर नसतानाही चिप भरली जाते. फाइलवर कंपनीची सही असल्याने चुकीच्या बोर्डची फाइल बहुधा नाकारली जाते. विंडोज चालू असतानाच बायॉस लिहिणारे प्रोग्रामही कंपन्या देतात, पण जुन्या यंत्रावर ते टाळून सेटअपमधूनच काम करणे अधिक सुरक्षित. लॅपटॉपमध्ये बॅटरी हाच यूपीएस असतो. ती बऱ्यापैकी भरलेली आणि चार्जर लावलेला, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय लॅपटॉप बहुधा कामच सुरू करत नाही. जुन्या लॅपटॉपची मेलेली बॅटरी म्हणूनच आधी बदलावी लागते. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप असेल तर ते तात्पुरते थांबवून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायची, नाहीतर बायॉस नीट बसूनही डिस्क उघडत नाही.

नव्या आवृत्त्यांची कारणेही आता वेगळी आहेत. जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या आणि त्यांच्यासाठी बायॉसमधून मायक्रोकोड देण्यात आला. फार जुन्या बोर्डांना कंपन्यांनी तो दिलाच नाही. तिथे विंडोज किंवा लिनक्स सुरू होताना स्वतः मायक्रोकोड भरते, त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून ‘सुधारलेला’ बायॉस उतरवून घेण्याचे कारण उरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. २०१८नंतरच्या अनेक बोर्डांत ही सोय आधीपासून असते, फक्त बंद ठेवलेली. कित्येकदा सेटअपमधली एक नोंद बदलून भागते आणि बायॉसला हात लावावा लागत नाही. त्याहून जुन्या यंत्रांचा प्रोसेसरच चालत नसल्याने बायॉस बदलून काही साध्य होत नाही. त्यांच्यावर लिनक्स टाकणे हा सरळ मार्ग.

चिप आता आठ पायांची, तांदळाच्या मोठ्या दाण्यापेक्षा फार मोठी नाही, आणि बहुधा बोर्डला डाख देऊन चिकटवलेली असते. तिच्यावर चिमटा लावून लॅपटॉपमधून लिहिणारा प्रोग्रामर काहीशे रुपयांत मिळतो आणि तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडेही तो असू शकतो. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाडीसकट येते, पण मेलेला बायॉस जिवंत करायला मुंबई गाठण्याची आता सक्ती उरलेली नाही.